पेटीला सहा माणसं

मळेवाडीच्या भैरोबाच्या पालखीला चार खांदे लागतात, पण मान एकाच खांद्याला आहे, पुढच्या उजव्या. तिथं कोण उभं राहणार यावर गावानं आजवर जेवढं डोकं खर्च केलं, तेवढं ओढ्यावरच्या पुलासाठी खर्च केलं असतं तर पावसाळ्यात रहिमतपूरच्या बाजाराला जाताना धोतर गुडघ्याच्या वर घ्यावं लागलं नसतं.

रीत जुनी. पलटणीत माणूस नाही असं घर गावात नाही. ज्या घरच्या शिपायानं सगळ्यांत मोठं काम केलं, त्या घराचा पहिला खांदा. चैत्रात जत्रेदिवशी गुरव देवळाच्या पायरीवर उभा राहून हाळी देतो, "पयला खांदा अमक्याच्या घरचा!" माणसाचं नाव घेत नाही, घराचं घेतो. मग त्या घरचा गडी पुढं होतो, आणि ते घर पुढच्या निवाड्यापर्यंत चावडीत वरच्या अंगाला बसतं.

जर्मन-जपानची लढाई चालू होती तोवर गावानं हा हिशेब उघडाच ठेवला होता. लढाई संपली, माणसं परत आली, आणि शेहेचाळीसच्या चैत्राला सगळी बाकी एकदम काढायचं ठरलं. दावे पुष्कळ आले. वरच्या आळीच्या जोतिबानं इटलीत मांडीत गोळी खाल्ली होती. ती जखम तो कुणी न मागताही दाखवायचा. दादासोच्या धाकट्या भावानं आफ्रिकेत पायाचं बोट घालवलं होतं, पण ते गोळीनं गेलं की बुटानं, याबद्दल गावात दोन मतं होती. आणि भाऊसोच्या पोरानं, लालासाहेबानं, विमान पाडलं होतं. विमानापुढं बोट काय टिकणार? नानासो पाटलांनी चावडीत एकदा सगळ्यांकडं बघितलं आणि निवाडा दिला. पहिला खांदा भाऊसोच्या घरचा.

आता हे विमान कसं पडलं तेही सांगायला हवं.

लालासाहेबानं आख्ख्या लढाईत एकही गोळा डागला नव्हता. विमानं पाडणाऱ्या तोफखान्यात तो होता हे खरं, कलकत्त्याच्या गोदीवर होता हेही खरं. पण तोफांपासून बाजूला, वाळूच्या पोत्यांच्या आडोशाला एक लोखंडी पेटी होती आणि तो तिचं एक चाक फिरवत होता. पेटी गणित करायची. विमान किती उंच आहे, किती लांब आहे, किती वेगानं चाललंय, आणि गोळा वर पोचेपर्यंत ते कुठं गेलेलं असेल. साहेब तिला प्रेडिक्टर म्हणत, शिपाई पेटी म्हणत. तिला सहा माणसं लागत. त्यांतला एक लालासाहेब. आणि त्याच्या डाव्या हाताला, लगतच्या चाकावर, मळेवाडीचाच अर्जुना.

अर्जुना परत आला नाही. तापानं कलकत्त्याच्या इस्पितळात गेला. गावच्या वहीत गोळीनं मेलेल्याला एक भाव आणि तापानं मेलेल्याला दुसरा. त्याच्या आईनं, राहीबाईनं, खांद्यावर दावा सांगितलाच नाही. सांगून कोण ऐकणार होतं?

अर्जुना गेल्यावर लालासाहेब रजेवर आला तेव्हा भाऊसोनं त्याला विचारलं, "काय केलंस रं मर्दा तितं?" भाऊसो स्वतः पहिल्या लढाईतला हवालदार, मेसापोटेमिया बघून आलेला, त्याला नुसतं 'बरं हाय' चालत नसे. लालासाहेब म्हणाला, "गोदीवर इमानं आली व्हती आबा. आमच्या तुकडीनं एक पाडलं." बाजाराला जाताना जड सामान घरी ठेवावं तसा भाऊसोनं 'तुकडी' हा शब्द घरी ठेवला आणि बाकीचं वाक्य रहिमतपूरला नेलं. दिवस मावळायच्या आत लालासाहेब न्हाव्याकडं गेला, तर न्हाव्यानं कात्री खाली ठेवून आधी हात जोडले आणि चहा मागवला. चहा पुढं आला. लालासाहेबानं तो घेतला.

लाज तिथं सुरू झाली. खोटं म्हणून तो एक शब्द बोलला नव्हता. नुसता 'नाही' म्हणाला नव्हता. आज म्हणू, उद्या म्हणू करता करता ते 'नाही' इतकं मोठं झालं की तोंडातून बाहेर काढायला जागाच उरली नाही.

राहीबाईनं त्याच रजेत त्याला गाठून विचारलं होतं, "माजा अर्जुना काय करत व्हता रं तितं?"

"माज्यासंगंच व्हता, काकी."

हेही खरंच. पण तोवर लाला विमान पाडणारा झाला होता. त्याच्यासंगं असणारा म्हणजे गोळे उचलून देणारा, नाहीतर पाणी आणणारा. गावानं अर्जुनाला पाणक्या करून टाकला. लालासाहेबाच्या कानावर ते आलं, आणि तो तसाच पुढं चालत राहिला. लढाई संपून कायमचा घरी आल्यावर राहीबाईच्या दारावरून जायची वाट त्यानं सोडली. रानात जायला त्याला लांबचा फेरा पडायचा. भाऊसो म्हणायचा, "पलटणीतला गडी, चालायची सवं लागलीया त्येला."

जत्रा तोंडावर आली तशी पालखीच्या दांडीला पितळ मढवायचं निघालं. काम सांगलीच्या तांबटाकडं द्यायचं ठरलं. नानासो पाटील निघाले, मानाचं घर म्हणून भाऊसो निघाला, आणि भाऊसोनं लालासाहेबाला ओढलं. गावानं मोडीची भांडी दिली. राहीबाईनं एक घागर दिली. अर्जुनाच्या जावळाला तिच्या माहेरनं आलेली. घागर दिली आणि घागरीमागं स्वतःही रहिमतपूरच्या ठेसनात येऊन उभी राहिली.

"वैनी, आमच्यावर इस्वास न्हाई व्हय?" नानासोंनी विचारलं.

"हाय की पाटील. पर घागरीवर जास्त हाय. माज्या डोळ्यांम्होरं पालकीत पडूंद्या."

गाडीत भाऊसोनं शेजारच्या उतारूंना विमान सांगायला घेतलं. एकानं विचारलं, "पर आवं हवालदार, एवड्या वरचं इमान सापडतंय कसं?" भाऊसोला तेच हवं होतं. त्यानं एक डोळा झाकला आणि हात लांब करून अंगठा उभा धरला. "ह्ये आसं! मेसापोटेमियात आमी अंगठ्यानंच अंतर काडायचो. माणूस अंगठ्याच्या नकाएवडा दिसला तर एवडं लांब, दोन नकं दिसला तर एवडं. अंगठा हाय तवर कुणाच्या बाचं भ्या न्हाई. लाला, तुज्या अंगठ्यावर बसलं व्हतं न्हवं रं इमान?"

लालासाहेब खिडकीबाहेर बघत होता. राहीबाई समोरच्या बाकावर घागर मांडीवर घेऊन बसली होती, आणि ती त्याच्याकडं बघत होती. मिरजेला गाडी बदलेपर्यंत त्याची मान तशीच खिडकीकडं वळलेली राहिली.

सांगलीत तांबटानं सगळं पितळ तराजूत टाकलं आणि तोंड वाकडं केलं. दांडीची टोकं झाकायची तर आणखी पितळ हवं. "ठेसनाकडं आप्पासोच्या वखारीत जावा," तो म्हणाला. "मिलिटरीची मोड आलीया. पितळ लय हाय त्येच्याकडं." नानासोंनी गुंडा नावाचा एक गाडीवान ठरवला आणि गाडी तिकडं वळवली.

आप्पासो मुळात हळदीचा व्यापारी. लढाईनंतर सरकारनं पुण्याकडच्या डेपोतून जुनं सामान विकायला काढलं आणि हळदीच्या पोत्यांशेजारी त्याच्या अंगणात लढाई येऊन पडली. तंबू, डावे बूट एका ढिगात आणि उजवे दुसऱ्यात, पत्र्याचे डबे, तारांची भेंडोळी. सगळ्यावर हळदीची पूड बसलेली. आणि मधोमध, माणसाच्या छातीएवढी उंच, हिरवा रंग उडालेली एक पेटी.

"ह्यात बगा पितळ," आप्पासो पेटीवर थाप मारून म्हणाला. "आत निस्ती चाकं. चाकाला चाक, चाकाला चाक. घड्याळवाल्याला दावलं तर त्यो म्हणतोय, एवडं थोरलं घड्याळ कुनाच्या मनगटाला बांदू?"

"काय रं लाला," भाऊसोनं विचारलं, "वळकतोस का ह्ये काय हाय?"

'नाही' म्हणायची संधी लालासाहेबाला पुन्हा एकदा आली होती, आणि या वेळी ते 'नाही' सोयीचं होतं. पण त्याचा हात त्याच्याआधी पुढं गेला होता. पेटीच्या उजव्या अंगाला एक लहानसं चाक होतं, त्यावर तो बरोबर जाऊन बसला होता. अंधारात घरचा कोयंडा सापडावा तसा.

"वळकतो," तो म्हणाला. "आमच्याकडं आसलीच व्हती."

भाऊसोनं पेटीला एक फेरी घातली, वाकून खाली बघितलं, वर बघितलं. "आन् घोडा कुटं हाय हिचा? दाबायचा घोडा?"

"घोडा न्हाई आबा. ही तोफ न्हवं. तोफा लांब व्हत्या, दुसरीच माणसं व्हती त्यांच्यावर."

"मंग ही काय करती?" आप्पासोनं विचारलं. त्याला त्यात गिऱ्हाईक दिसायला लागलं होतं.

"गणित करती. गोळा वर जायाला येळ लागतोय. तवर इमान म्होरं सरकतंय. म्हणून इमान हाय तितं मारायचं न्हाई, आसल तितं मारायचं. कुटं आसल ते ही सांगती."

"मंजी पंचांगच की!" गुंडा गाडीवान म्हणाला.

"पंचांगाला चुकायला सवड आसती," लालासाहेब म्हणाला. "हिला न्हाई."

"चालतीया का आजून?"

"मोटार काडून घेतल्याली दिसती. त्याबिगर तोफंकडं आकडा जायाचा न्हाई. पर हातानं काटं हलतील."

"मंग चांगली पेटी सरकारनं मोडीत काडली कशी?" आप्पासोनं व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला.

हेही गावाला माहीत नव्हतं. "नवी आली. तिच्यात दातं न्हाईत, चाकं न्हाईत. तारा हायत आन् काचंचं दिवं, उजेडासाटी न्हवं, गणितासाटी. हिच्यात काट्यावर काटा माणसानं धरायचा; तिच्यात त्यो आपला आपुन जातोय. हिला सा माणसं, तिला दोन फुरं. उरल्याल्या चौगांचं काम दिवं करत्यात."

"दिवा गेला तर?"

"दुसरा लावायचा. हितं माणूस गेला तर दुसरा लावत व्हतंच की."

"म्हंजी तुला काडून टाकलं व्हय?" नानासोंनी हळू आवाजात विचारलं. पाटलांच्या डोक्यात जत्रेची वाजंत्री वाजायला लागली होती आणि ती बेसूर होत चालली होती.

"तसंच म्हणा. सायबानं शाबासकी दिली आन् रेल्वेचा पास दिला."

भाऊसो पेटीकडं बघत होता. अंगठ्यानं लढलेल्या माणसाला एक गोष्ट पटत नव्हती. "पर इमान तर तूच पाडलंस न्हवं?"

लालासाहेब उत्तर जुळवत होता तेवढ्यात राहीबाई बोलली. ती इतका वेळ घागर कडेवर घेऊन बाजूला उभी होती.

"चाकं तर सा दिसत्यात रं लाला. साही तू एकटाच फिरवत व्हतास?"

"न्हाई काकी. मी एक."

"मंग बाकीची कोन?"

त्यानं एकेका चाकाकडं बोट करत सांगायला घेतलं. ह्या दुर्बिणीवर बेळगावकडचा एक नाईक. त्या दुर्बिणीवर कोकणातला एक. पलीकडच्या अंगाला दोघं भाऊ, मराठवाड्याकडचे. हे माझं. आणि मग तो थांबला.

"पाच झालं," राहीबाई म्हणाली.

"सावा अर्जुना."

आप्पासोला अर्जुना कोण ते माहीत नव्हतं, पण व्यापाऱ्याला गप्प बसायची वेळ कळते. राहीबाईनं घागर खाली ठेवली.

"त्येचं चाक कंचं?"

लालासाहेबानं दाखवलं. ती तिथं जाऊन उभी राहिली, दोन्ही हात चाकावर ठेवले आणि मागं न बघता म्हणाली, "बाकीच्यांनी बी लावा हात. बगू तरी कसं पाडलं ते."

"वैनी, आता ह्यो काय पोरखेळ—" नानासो म्हणाले.

"पाटील, तुमी त्या तितं उबं ऱ्हावा."

आणि पाटील उभे राहिले. गुंडाला एका दुर्बिणीवर लावलं. तिची काच कुणीतरी काढून नेली होती. त्यानं मोकळ्या नळीतून बघून "झकास दिसतंय" म्हणून सांगितलं. नानासोंच्या शेजारी आप्पासो. लालासाहेबाच्या चाकावर भाऊसो. दुसऱ्या दुर्बिणीवर लालासाहेब स्वतः. चार वर्षांत त्या जागेवर तो कधी उभा राहिला नव्हता.

"हितल्या दोगांनी वर बगायचं," त्यानं सांगितलं. "तुमी चौगांनी खाली. प्रत्येकाच्या म्होरं काच हाय, काचंत दोन काटं. काळा आपुनहून फिरल. चाक फिरवून तांबडा त्येच्यावर ठेवायचा. काट्यावर काटा. वर बगायचं न्हाई, काय बी झालं तरी."

कृष्णेच्या अंगाला आभाळात एक घार तरंगत होती. लालासाहेबानं ती दुर्बिणीत घेतली. गुंडानं नळी वळवली, आत कुठंतरी दात्याला दाता लागला आणि हळदीची पूड झटकत पेटी कुरकुरली.

"माजा हालला!" आप्पासो ओरडला.

"म्होरं, म्होरं गेला... आरं थांब की!" नानासो काट्याला म्हणाले. गावात त्यांना 'थांब' म्हटल्यावर न थांबणारं कुणी नव्हतं.

"पाटील, माज्या पायावर पाय हाय तुमचा," आप्पासो म्हणाला.

"वर बगू नगासा!" लालासाहेबानं दटावलं.

घार वळली. चारी काचांतले काळे काटे एकदम उलटे फिरले. भाऊसोनं दात खाल्ले, चाक जोरात फिरवलं, काटा पलीकडं गेला. परत आणला, अलीकडं आला. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला तरी त्यानं पुसला नाही, हवालदार होता. आप्पासोचा काटा केव्हाच हरवला होता. राहीबाईचा मात्र हलत नव्हता. म्हणजे हलत होता, पण काळ्याच्या अंगावरच. जन्मभर जात्यावर बसलेला हात. तो ना घाई करत होता ना मागं राहत होता. घार नदीवरून पलीकडच्या झाडांकडं उतरली आणि दिसेनाशी झाली.

"गेली," लालासाहेब म्हणाला.

सगळ्यांनी हात सोडले. भाऊसो पाठ सरळ करून आभाळात बघायला लागला, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"कुटं व्हती?" त्यानं विचारलं. "मला दिसलीच न्हाई."

"मलाबी कवा दिसलं न्हाई, आबा."

"काय?"

"इमान. चार वर्सांत एकबी. तुमी आता उबं व्हता, मी तितंच उबा व्हतो. पडलं तवा वरडा झाला, म्हणून कळलं. तोफा लय व्हत्या. कुणाच्या गोळ्यानं पडलं ते सायबाला बी ठावं न्हाई."

रहिमतपूरचा बाजार, न्हाव्याचं दुकान, सकाळचा गाडीचा डबा, जिथं जिथं भाऊसोनं हे विमान पाडलं होतं ती सगळी ठिकाणं त्याच्या तोंडावर एकामागून एक येऊन गेली असावीत.

राहीबाईनं अजून चाक सोडलं नव्हतं. "ताप व्हता म्हणत्यात त्येला," ती काचेकडं बघतच म्हणाली. "तापात फिरवता येतंय व्हय रं ह्ये?"

"त्येनं फिरवलं, काकी. इमान पडलं त्या दिशी अंग भाजत व्हतं त्येचं. मी म्हणलं, सायबाला सांगतो. तर म्हणला, नगं, नवा माणूस उबा करतील आन् काटा हालल." लालासाहेबानं आपल्या चाकाकडं बोट केलं. "माजा दोनदा सुटला त्या दिशी. त्येचा न्हाई सुटला."

"आन् तू गावात त्येला पाणक्या केलास."

"मी न्हाई केला काकी. लोकं—"

"केलास."

तिनं घागर उचलली आणि गाडीत जाऊन बसली.

आप्पासोच्या माणसांनी पेटी फोडली. आत खरंच नुसतं पितळ होतं. ताटाएवढ्या चाकांपासून बोराएवढ्यांपर्यंत. सहा माणसांचं डोकं त्यात कसं मावलं होतं हे बघून ओळखणं कठीण होतं. तांबटानं ते घागरीबरोबर मुशीत घातलं. राहीबाई घागर विरघळेपर्यंत तिथंच बसून होती.

परतीच्या गाडीत नानासोंनी आवाज खाली घेऊन निकाल सांगितला. "जे झालं ते सांगलीत झालं. गावात ब्र काडायचा न्हाई. वाजंत्री सांगितल्याली, पाव्हणं-रावळं सांगितल्यालं, चावडीत निवाडा झाल्याला. वैनी, अर्जुनाच्या नावानं मी देवळात समई लावतो."

"लावा," राहीबाई म्हणाली. त्या एका शब्दात पाटलांना होकार ऐकू आला. त्यांना नेहमीच येतो.

समोरच्या उतारूनं भाऊसोच्या छातीवरचं जुनं पदक बघून विचारलं, "हवालदार, लढाई बगितली म्हणायची तुमी!" भाऊसो नुसता हसला. त्याचा अंगठा मुठीच्या आत होता आणि रहिमतपूर येईपर्यंत तो बाहेर आला नाही.

जत्रेदिवशी पालखी सजली. दांडीची टोकं उन्हात चमकत होती. तांबटानं घाईत एक लहान चाक नीट वितळू दिलं नव्हतं. पुढच्या उजव्या टोकाला बोट फिरवलं तर त्याचे दाते लागत. देवळापुढं सगळं गाव. भाऊसो नव्या फेट्यात, पण कुणाकडं न बघता. बायकांच्या रांगेत राहीबाई शेवटी.

गुरव पायरीवर चढला. "पयला खांदा भाऊसोच्या घरचा!"

लालासाहेब पुढं झाला. दांडीजवळ गेला, हात लावला, आणि त्याला ते दाते लागले. तो तसाच उभा राहिला. वाजंत्र्यांनी तोंडाला लावलेली सनई तोंडातच राहिली.

"उचल की रं!" जोतिबानं मागून हाक दिली. "इमान उचललंस, आन् पालकी जड झाली व्हय?"

लोक हसले.

"हाळी परत दे," लालासाहेब गुरवाला म्हणाला. "राहीबाईच्या घरचा म्हण."

"खुळा का काय!" नानासो पुढं आले. "निवाडा झालाय!"

"चुकीचा झालाय. इमान मी पाडलं न्हाई. मी बगितलं बी न्हाई. एक पेटी व्हती, मी तिचं चाक फिरवत व्हतो. शेजारचं चाक अर्जुना फिरवत व्हता. माज्यापेक्षा चांगलं फिरवत व्हता. पाणी वाहत न्हवता त्यो." आवाज मोठा होता पण मान खाली होती; बोलणं जणू दांडीशी चाललं होतं. "आन् दोन वर्सं मी ह्ये बोललो न्हाई."

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग दादासोचा धाकटा भाऊ मोठ्यानं म्हणाला, "चाक फिरवून इमान पडतंय व्हय? मंग आमची रहाटावरची बैलं रोजच पाडत आसतील!" आणि गाव असं हसलं की वाजंत्री नसती तरी जत्रा साजरी झाली असती. त्या एका हसण्यात लालासाहेबाचं नाव बदललं. त्या दिवसापासून तो चाक्या. न्हाव्याकडं आता त्याला चहा येत नाही, नंबर लागतो.

भाऊसोनं ते हसू अंगावर घेतलं. तो गर्दीतून निघाला तेव्हा लोकांना वाटलं घरी चालला. तो पालखीच्या मागच्या डाव्या दांडीला जाऊन उभा राहिला. त्या जागेला मान नसतो. चढावर सगळा भार तिथं येतो म्हणून तिथं कुणी उभं राहत नाही.

"वैनीच्या घरात उचलायला गडी कोन हाय?" नानासोंनी शेवटचा मुद्दा काढला. "रिकामा ठेवायचा का पयला खांदा?"

सगळ्यांच्या माना शेवटच्या रांगेकडं वळल्या. राहीबाई पुढं आली. दांडीच्या टोकाशी येऊन तिनं पदरानं ते पितळ एकदा पुसलं. मग लालासाहेबाकडं बघितलं. जावळाला आलेल्या घागरीचं आता काय झालं ते ती बघत होती, की त्याचं, हे सांगता येणार नाही.

"तूच उचल," ती म्हणाली. "नाव माज्या घरचं. खांदा तुजा."

त्यानं वाकून दांडी खांद्यावर घेतली. गुरवानं पाटलांकडं बघितलं, पाटलांनी आभाळाकडं बघितलं, आणि गुरवानं हाळी बदलली.

"आन् लाला," राहीबाई त्याच्या कानाशी म्हणाली, "वर बगायचं न्हाई."

पालखी सगळ्या आळ्या फिरली. माणसं दारातून, माळवदावरून बघत होती, हसत होती, गुलाल टाकत होती. त्यानं वर बघितलं नाही.